गणपतीच्या मातीच्या चुली

आये,

काल संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये सगळ्या बिऱ्हाडांची मीटिंग होती. आपली बिल्डिंग पाडून त्याच जागेवर नवी बांधणार आहेत. बिल्डरची तरणी मुलं आली होती, भिंतीवर पडदा लावून रंगीत चित्रं दाखवत होती. प्रत्येक कुटुंबाला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, खाली मोठा हॉल, बालवाडी, पोरांना व्यायामशाळा, म्हाताऱ्यांना बसायला बाकं. मी तिसऱ्या रांगेत होते. आणि पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर, गळ्यात हार घालून कोण बसलं असेल? देवगडवाली, आपल्या भिंतीपलीकडची. सगळ्यांत जुनी रहिवासी म्हणून तिचा सत्कार होता. बरं, झाला सत्कार, मिळाला नारळ, तर गप घरी जावं की नाही? नाही. बाईंनी माईक हातात घेतला. म्हणाली, "पोरांनो, ही बिल्डिंग कशी झाली ठाऊक आहे काय? माझ्या आयेने चुली घातल्या म्हणून झाली. चूल नसती तर कोणाला खोलीच मिळाली नसती." टाळ्याच टाळ्या. माझ्या आयेने म्हणे! हिची आई देवगडला वारली, तिच्या दिवसांना ही गावी गेली होती, मी स्वतः हिला बोटीवर बसवून आले होते. शेजारी बसलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने मला हळूच विचारलं, "काकू, तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी का हो?" अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येऊन चहासुद्धा घेतला नाही, हा कागद ओढला.

आता तूच सांग, मी नको रागावू? ह्या जागेवर पूर्वी काय होतं, ते तिला जेवढं ठाऊक, त्याच्यापेक्षा जास्त मला ठाऊक आहे. ती आली त्याच्या आधीपासून मी इथली. पत्र्याची बैठी चाळ होती, पावसाळ्यात दारात लाकडी फळी आडवी लावायची म्हणजे गटाराचं पाणी आत येत नसे. बाबा गेल्यावर तू खाणावळ घातलीस. आपल्या खोलीत दोन मोठ्या चुली, भिंतीला टेकलेली लाकडं, आणि लगतच्या चारपाच खोल्यांमध्ये गिरणीतले आपले कोकणातले पुरुष. एका खोलीत सातआठ माणसं, अर्धी दिवसपाळीला, अर्धी रातपाळीला, आळीपाळीने त्याच वळकट्यांवर झोपणारी. बायकामुलं सगळ्यांची गावी. सगळे तुला मावशी म्हणत. "मावशे, वाढ गो," असा पुकारा पाळी सुटली की सुरू होई तो दुसरी पाळी जाईपर्यंत. त्या सगळ्या गर्दीत माझ्या वाट्याला काय यायचं, तर दुपारची एक वेळ. सगळे जेवून गेले की तू पदराने तोंड पुसायचीस, उरलेलं कालवण एका ताटात घ्यायचीस आणि आपण दोघी एकाच ताटात जेवायचो. तेवढं एक माझं होतं. बाकी तू सगळ्या लालबागची.

मला एकच हवं होतं. तुझ्याशेजारी चुलीपुढे बसायचं, तू खोबऱ्याचं वाटप किती घालतेस ते बघायचं, भाकरी कधी उलटायची ते तुझ्याकडून शिकायचं. मी पाटावर टेकले रे टेकले की तू ओरडायचीस. "तू हय काय करतंस? पुस्तक घेवन बस जा." कितीदा! मी बाहेर ओट्यावर भूगोल घेऊन बसायची आणि आतून फोडणीचा चर्र असा आवाज यायचा. एकदा तू बाहेर गेलीस तेव्हा मी आपणहून पीठ मळलं, तर तू आल्यावर ते माझ्यासमोर शेजारणीला देऊन टाकलंस. मारलं असतंस तर परवडलं असतं.

मग ती बातमी आली. दिवस सगळे मोर्च्यांचे. रोज संध्याकाळी नाक्यावर सभा, भिंतींवर डांबराने लिहिलेलं, आणि जेवायला बसलेले आपले पुरुष हात धुवायच्या आधी एकदा "झालाच पाहिजे" म्हणून घ्यायचे. तू त्यांना भाकऱ्या बांधून द्यायचीस, अश्रुधुरासाठी कांदा द्यायचीस. अशात एक दिवस सरकारी ऑफिसातून माणूस आला आणि सांगून गेला की ही चाळ पाडणार, चार मजली बिल्डिंग बांधणार. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची खोली, स्वयंपाकाची वेगळी जागा, स्वतःची मोरी. खाली समाजमंदिर, बालवाडी, बायकांसाठी शिवणाचा वर्ग. चाळीत दिवाळी झाली. दुसऱ्या दिवशी उतरली, कारण कोणीतरी विचारून आलं की कुटुंब म्हणजे कोण. उत्तर असं मिळालं की जितक्या चुली तितकी कुटुंबं. एक चूल, एक खोली. साहेब येऊन डोळ्यांनी बघणार. आणि आपल्या त्या सगळ्या पुरुषांची चूल कुठे होती? सगळे तुझ्याच हातचं जेवत. म्हणजे सरकारच्या हिशोबाने तू, मी आणि ते तीसपस्तीस बाप्ये मिळून एक कुटुंब!

मला तो दिवस दिसतो आहे. ते दारात उभे आहेत, कोणी चौकटीला टेकून, कोणी उकिडवे. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा तो उंच माणूस, जो जेवताना कधी बोलत नसे, तो म्हणतो, "मावशे, आमची चूल ती तुझीच गो. आता आमी खय जावचा?" तू भाकरी थापते आहेस, थांबत नाहीस. "बायलांका हाडा," तू म्हणतेस. "आपापल्या बायलांका गावाहून हाडा. चुली मी घालून दितंय." कोणी हसलं, कोणी म्हणालं की महाराष्ट्र मिळाला की बघू. तू म्हणालीस, "महाराष्ट्र तुमी मागा. खोली मी मागतंय." आये, तुला तेव्हा कळत होतं का गं, की एकेक चूल म्हणजे तुझ्या पंगतीतला एकेक पाट उठणार? ह्यांनी बायका आणल्या, चुली मांडल्या, की तुझ्याकडे जेवायला येणार कोण? मला कळत होतं, मी तेव्हा सातवीत होते, आणि मी मनातून खूश झाले होते. वाटलं, चला, जाऊ देत सगळे आपापल्या चुलीकडे. मग आये माझी एकटीची.

कसलं काय. पुढच्या बोटींनी बायका यायला लागल्या. भाऊच्या धक्क्यावरून ट्रंका, पोरं, फणस घेऊन एकेक उतरायची आणि थेट आपल्या दारात. सगळ्यांत आधी आली ती ही देवगडवाली, त्या साच्यावाल्याची बायको. नुकतं लग्न झालेली, अठराएक वर्षांची, काळी-सावळी, डोळे एवढे मोठे. नळ बघून घाबरली. तू हसलीस. मी घाबरले असते तर हसली असतीस का? दुपारी आपण जेवायला बसलो तर तू हिला हाक मारलीस. "ये गो, एकटी काय जेवतंस?" झालं, त्या दिवसापासून आपल्या ताटाशेजारी तिचं ताट. आणि बांगड्याचं डोकं तिच्या ताटात! शेपटी मला. का, तर म्हणे ती नवी, तिला गावची आठवण येत असेल. आणि मला नव्हती येत, आये, आपल्या दोघींच्या ताटाची?

चुली घालायच्या तर माती हवी. लाल माती गावाहून यायला उशीर, साहेब कधीही येईल. तेव्हा तू पलीकडच्या गणपतीच्या कारखान्यातून मूर्तींची उरलेली माती मागून आणलीस. मऊ, पांढरट, लोण्यासारखी माती. सगळ्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या. त्या मातीची चूल, आणि त्याच्यावर बांगडा शिजवायचा? पाप नाही लागणार? एक म्हातारा तर जेवण सोडून उठला. तू कंबरेवर हात ठेवून म्हणालीस, "मूर्ती झाली काय देव. तवसर मातीच ती." तरी तू आधी नमस्कार केलास हे मी पाहिलं, चोरून, कोणी बघत नाहीसं बघून. मग तबेल्यातलं शेण, भाताचा तूस कालवून तू चुली घालायला बसलीस. शेजारी मांडी घालून कोण? तीच. तुझ्यासारखी ओंजळीने माती उचलायची, तुझ्यासारखीच अंगठ्याने कड दाबायची. तू तिच्या हातावर हात ठेवून चुलीचा गोल फिरवून दाखवलास. मी ओट्यावर बसून महाराष्ट्रातल्या नद्या पाठ करत होते. गोदावरी, भीमा, कृष्णा. आजही नद्यांची नावं घेतली की मला तुम्हा दोघींचे ते चिखलाचे हात दिसतात.

एक गोष्ट मात्र तुझ्याही ध्यानात आली नव्हती. ती माती मूर्तीची, विस्तवाची नव्हे. पहिल्या जाळाला दोन चुली तडकल्या, तू लिंपून घेतल्यास. हिची चूल सगळ्यांत शेवटी घातलेली, तूस कमी पडलेला. आणि नेमका दुसऱ्या दिवशी साहेब आला, न सांगता, पुरुष सगळे पाळीवर गेलेले. तू मला म्हणालीस, "तू शाळेक जा." मी गेले नाही. दाराशी उभी राहिले. खोल्याखोल्यांतून धूर येत होता, सगळ्यांनी घाईघाईने चुली पेटवल्या होत्या. साहेब नाकाला रुमाल लावून एकेक खोली बघत चालला होता. गिरगावातला कोणी असावा, स्वच्छ धोतर, बोलणंही स्वच्छ. "चूल नवी दिसते," तो म्हणाला. तू म्हणालीस, "लग्न नवा आसा, चूल नवीच असतली." तो हसला. पुढे हिच्या खोलीत गेला. आत हिची चूल जाळ लागताच मधोमध उभी तडकली होती आणि एका बाजूने सुटत होती. वर भाताचं भांडं. सुटली असती तर चूल, भात, सगळंच त्याच्या चपलांवर. आणि खोटं उघडं पडलं असतं ते हिचं एकटीचं नव्हे, सगळ्यांचं. तर ही पोर चुलीला अगदी खेटून बसली, पदर पुढे ओढला, आणि पदराखालून उघड्या हाताने चुलीची ती बाजू धरून ठेवली. साहेब नवऱ्याचं नाव विचारतोय, गाव विचारतोय, किती दिवस झाले विचारतोय, ही मान खाली घालून उत्तरं देते आहे. साहेबाला वाटलं असेल, लाजते आहे. मला दारातून तिचा हात दिसत होता.

त्याने तिच्याकडे बघितलं, डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या. तुला विचारलं, "ही कोण तुमची?" तू म्हणालीस, "लेक माझी." पटकन, विचार न करता. मग त्याने दाराकडे बोट केलं. "आणि ही?" तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, "ती शाळेत जाता."

बस, एवढंच. साहेब गेला. तू धावत आत गेलीस. "हात दाखय गो, तुझो हात!" तिचा तळवा भाजून सोलला होता. तू तो हात आपल्या मांडीवर घेतलास, खोबरेल लावलंस, फुंकर घालत राहिलीस, आणि तिने पहिल्यांदा म्हटलं, "काय नाय जाला गो आये." आये! चाळीत सगळे तुला मावशी म्हणायचे, आये म्हणणारी मी एकटी होते. मी पुस्तक घेऊन उभीच. खोल्या मिळणार म्हणून चाळ नाचत होती, आणि मला वाटत होतं की मीसुद्धा चुलीत हात घालावा. खरंच वाटत होतं. तेव्हा मला कोणी विचारलं असतं की तुला खोली हवी की भाजलेला हात, तर मी हातच मागितला असता.

बिल्डिंग झाली. सगळ्यांना खोल्या मिळाल्या, आपल्याला ही, दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली. भिंतीपलीकडे ती. लाकडाच्या चुलीला इथे मनाई होती, सगळ्यांनी शेगड्या आणल्या. खाणावळ बंद पडली, ती पडणारच होती. तुझी मोठी पातेली माळ्यावर गेली आणि तू शाळेत शिपाईण म्हणून लागलीस. मी वाट बघत होते. आता आपण दोघीच, आता स्वयंपाकाचा ओटा आपला. एक दिवस धीर करून म्हटलं, "आये, माका कालवण शिकव." तू म्हणालीस, "मॅट्रिक हो आधी." आणि संध्याकाळी गच्चीवर मिरच्या वाळत घालायला तिच्याबरोबर गेलीस. तुझा मसाला, कुठली मिरची किती, धणे कधी उतरायचे, सगळं तिच्या हातात गेलं. खाली समाजमंदिरात शिवणाचा वर्ग सुरू झाला, त्यात तुम्ही दोघी. प्रौढ बायकांचा लिहिण्या-वाचण्याचा वर्ग सुरू झाला, त्यातही दोघी, एका सतरंजीवर. तुला सहीपुरतं आलं. ती मात्र वाचायला शिकली. दुपारी तुला पेपर वाचून दाखवायची. अगं, घरात मी मॅट्रिकला बसलेली मुलगी होते! पेपर मी वाचून दाखवला नसता?

महाराष्ट्र झाला त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगवर पणत्या होत्या आणि हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण. माळ्यावरची पातेली खाली आली. इतक्या दिवसांनी तू पुन्हा त्या एवढ्या जाळापुढे उभी, तोंड लाल झालेलं, आवाज चढलेला, आणि जेवायला येणारे तेच सगळे पुरुष, आता बायकापोरांसकट. "मावशे, वाढ गो!" तू रडत होतीस आणि हसत होतीस. उजव्या हाताशी ती, पळी घेऊन. मला तू तांब्या दिलास. मी सगळ्यांना पाणी वाढलं.

मी मास्तरीण झाले. सगळी नोकरी मुलांना भूगोल शिकवला. लोक मला म्हणतात, तुझ्या आईने बघ कसं केलं, स्वतः धुरात राहिली आणि लेकीला धुरातून बाहेर काढलं. मला काय ते कळत नाही? चांगलं कळतं. दुसऱ्या मुलांच्या आयांना मी हेच ऐकवलं आहे. पण कळलं म्हणून पोटात दुखायचं थांबत नाही. तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा डॉक्टरांशी इंग्रजीत मी बोलले, कागदांवर सह्या मी केल्या, आणि तुझ्या तोंडात पेज तिने घातली. मी भरवायला घेतली तर तू तोंड फिरवलंस. "तुझी शाळा आसा, तू जा," म्हणालीस. ते शेवटचं. नंतर बोलली नाहीस. म्हणजे जाता जातासुद्धा मला शाळेतच पाठवून गेलीस.

आता ही बिल्डिंग पडेल. ती मुलं विचारत होती, नव्या इमारतीत कोणाला कोण शेजारी हवं ते आत्ताच सांगा. देवगडवालीने माझं नाव सांगितलं. मला विचारलंसुद्धा नाही. माझे यजमान गेल्यावर मी डोंबिवलीहून इथे परत आले तेव्हापासून ती असंच करते, मला विचारत नाही, भिंतीवर दोनदा थाप मारते आणि म्हणते, "जेवक ये." मी तोंड वाकडं करते आणि जाते. हे पत्र मी टाकणार नाही, टाकणार तरी कुठे म्हणा. आणि समजा तुझ्यापर्यंत पोचलं, तरी तुला कुठे वाचता येतं? तू वाचून दाखवायला हाक मारशील ती कोणाला, हेही मला ठाऊक आहे.

एक तेवढं सांगते, तिला सांगू नकोस. तिच्या हातचं कालवण तुझंच आहे. वास तुझा, रंग तुझा, जिभेवर आल्यावर डोळे मिटले तर चूल दिसते. पहिला घास घेतला की मी म्हणते, "मीठ कमी पडलंय." दर वेळी. गुडघे धरत ती उठते, त्या भाजल्या तळव्यावर बरणी ठेवून मीठ आणते. आये, मीठ कमी नसतं गं. अगदी बरोबर असतं. मी तिच्यासमोर चिमूटभर वरून घालून घेते, आणि ते खारट कालवण शेवटपर्यंत जेवून येते.